आपोआप बंद पडतोय!

‘काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला आणि परत चालू झाला!’ बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक दारात दिसलं की आता मीच ते म्हणून टाकतो. खरं सांगू? आपोआप बंद पडलेली मशीन मी फार थोडी पाहिली. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर असतं. हे कळायला उशीर लागला, तोवर किस्से साठत गेले.

*

कोऱ्हाळे बुद्रुकला एका बागायतदाराच्या घरी गेलो, त्यांच्या पोरीचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. रॅम काढली, खोडरबरानं पुसली, परत बसवली. सगळं ठणठणीत! तेवढ्यात घरधनी विहिरीवरची मोटार चालू करायला गेले आणि कॉम्प्युटर खटकन रिस्टार्ट. घराला आणि विहिरीला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच; मोटार लागली की व्होल्टेज पडत होतं.

म्हटलं, “तात्या, पोरगी अभ्यासाला बसली की मोटार थांबवा.”

“अभ्यास थांबंल वो, ऊस कसा थांबंल?”

शेवटी यूपीएस बसवला.

*

इंदापूरला एका वकीलसाहेबांचा कॉम्प्युटर तापून बंद पडत होता. मागं पाहिलं तर खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार थेट पंख्यावर! हळदकुंकू आत गेलं होतं ते वेगळंच.

“साहेब, हार काढावा लागेल.”

“दसरा होऊ द्या. पूजेला मांडलेलं हत्यार वापरतं का कुणी? त्यालाबी सुट्टी!”

*

हा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते. एक रिटायर्ड गुरुजी मशीन घेऊन आले. सारखी रिस्टार्ट होत होती. मी घाईत होतो, काही न विचारता फॉरमॅट मारला. गुरुजींनी वर्षभर एका बोटानं टाइप केलेल्या गावाच्या आठवणी आत होत्या. कॉपी कुठंच नव्हती.

मला तोंड वर करता येईना. गुरुजींनी स्क्रीनवरची धूळ रुमालानं पुसली. मग म्हणाले, “चला, आता पहिल्यापेक्षा बरं लिहीन.”

तेव्हापासून माझा पार्टनर दिलीप एकच सांगतो, “स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी माणसाजवळ बस!”

*

आता लोणी भापकरचं. तिथले एक आबा आणि काकी, मुलगा कॅनडात. दर रविवारी व्हिडिओ कॉल, आणि दर रविवारी ऐन बोलण्यात कॉम्प्युटर बंद. मी एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवरचा डबा, बदलला, रॅम बदलली, वायरिंग तपासलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच! मला तर झोप येईना.

शेवटी एका रविवारी सकाळी कॉलच्या वेळेलाच जाऊन बसलो. पाऊण तास मशीन मस्त चालली. काकींनी नातीचं गाणं ऐकलं, सुनेला शेंगदाण्याची चटणी समजावून सांगितली. मग पदर सावरत त्यांनी विचारलं, “बाळा, यंदा तरी येणार न्हवं?”

मुलगा जरा थांबला. आणि स्क्रीन काळी!

मी खाली पाहिलं. टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड होता आणि त्याच्या बटणावर आबांच्या पायाचा अंगठा.

आबांनी मला अंगणात नेलं. “त्यानं मला मागंच सांगितलंय, तिकडंच घर घेतलंय, आता येणं न्हाय. हिला ते त्याच्या तोंडून ऐकायला लागू नये, एवढंच. मशीनमधीच बिघाड हाय म्हणा.” मी मान हलवली.

आत जाऊन काकींना सांगितलं, “पॉवरचा प्रॉब्लेम आहे काकी. जुनी मशीन, असंच चालायचं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. आबा ऐकत नाहीत ना, हे मागं वळून पाहत हळूच म्हणाल्या, “त्या बटणाचं काय करू नका. मी त्यो प्रश्न आता शेवटालाच इचारते. तवर बाकीचं समदं बोलून हुतं.”