कुटारातलं पातेलं

मुलांनो, वाशीमला आमच्या शेजारच्या काकू जळती चूल कधी रिकामी ठेवत नसत. स्वयंपाक उरकला की उरलेल्या जाळावर पाणी उकळायच्या आणि ते झाकलेलं पातेलं कुटाराच्या, म्हणजे कोरड्या भुशाच्या, पेटीत पुरून ठेवायच्या. "सरपन का फुकट येते, बाई?" असं म्हणायच्या. माझ्याकडे स्टोव्ह होता, त्यामुळे मला हसू यायचं.

एका झडीत गावातलं रॉकेल संपलं. लाकडं भिजल्यामुळे दुपारी कुणाचीच चूल पेटेना, आणि तुमच्या तान्ह्या बाबांना जुलाब लागले. डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी पाजायला सांगितलं होतं. काकूंनी पेटीतलं सकाळचं पातेलं आणून माझ्यासमोर उघडलं. त्यातून अजून वाफ येत होती.

"काहून बाई, आज हसून नाही राह्यल्या?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे टोपलीभर कुटार मागितलं.