यायलीस का?

परभणी जिल्ह्यात उभा जन्म काढलेल्या बाईनं समुद्राचा हट्ट धरावा, याचं माझ्या मुलाला आधी हसू आलं आणि मग राग. पण हट्टाला कारण होतं. मी शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती इतक्यांदा काढली की चंद्र काढताना हात आपोआप वळायचा. खरा समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. आमच्या सेलूत भरती म्हटलं की पोरं पोलीसभरतीबद्दल विचारतात. दर दिवाळीला नवरा म्हणायचा, या वर्षी नक्की जाऊ. तो जिनिंगमध्ये कामाला, आणि कापूस नेमका दिवाळीलाच यायचा. असं करता करता एके दिवशी तोच गेला.

त्यानंतर मुलानं धोशा लावला, की घराला कुलूप लाव आणि पुण्याला ये. एकटीनं राहण्याचं तुझं वय नाही. मला माझं घर सोडायचं नव्हतं. त्या घरात माझा माणूस वावरला होता; पुण्यात मी कुणाची तरी आई म्हणून सोफ्यावर बसून राहिले असते. शेवटी मी पैज लावली. एकटी समुद्र बघून येते. धड परत आले तर घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. त्यावर तो म्हणाला, "लय हट्टी हायस तू." चिडला की त्याची पुण्याची भाषा गळून पडते.

तर मी निघाले. रेल्वे, मग एसटी, मग रिक्षा, असं करत खाडीकाठच्या त्या लहानशा गावी पोचले. उन्हाळा लागण्यापूर्वीचे दिवस होते, गावात माझ्याशिवाय पाहुणं कुणी दिसलं नाही. एका बाईंच्या घरी खोली मिळाली. मागच्या दारातून समुद्र दिसतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मी पिशवी ठेवली, मागचं दार उघडलं, आणि समुद्र नव्हता. होता तो नुसता काळाभोर गाळ, नजर पोचेल तिथवर.

"ओहोटी लागलीय, बाय," बाई म्हणाल्या. "येईल पाणी तिन्हीसांजेला. तुम्ही चहा घ्या."

चहा घेऊन मी घरामागच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तो गाळ बघून मला परकं वाटलंच नाही. आमच्याकडचं काळं रान पावसानंतर अस्संच दिसतं. वर साय धरलेली, साईला बारीक भेगा. मी वाकून चिमटीत माती घेतली, चोळली, टाचेनं दाबून पाहिलं. पाय रुतला नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेय मी. वाफसा आला की नाही ते मला कुणी शिकवायला नको. माती पाणी पिऊन मोकळी झाली, पाय धरेना, की आमच्यात म्हणतात वाफसा आला, आता रानात शिरायला हरकत नाही. मी मनात तेच म्हटलं आणि चपला हातात घेऊन उतरले. ज्या मातीखाली समुद्र आहे तिला वाफसा कुठून येणार, एवढं काही भूगोलाच्या बाईला सुचलं नाही.

बरीच आत गेले. तिथं वारा नव्हता. पायाखालून, चहूबाजूंनी, बारीक चुटचुट आवाज येत होता. कुणीतरी ओठ मिटतंय, उघडतंय असा. बोटभर लांबीचे, डोळे वटारलेले मासे चिखलावर सरपटत होते आणि मी जवळ गेले की भोकात नाहीसे होत होते. पुढं आभाळ आणि गाळ एकाच रंगाचे झाले होते. मागं वळून पाहिलं तर माझ्या पावलांमध्ये पाणी भरलं होतं. खालून आलं होतं ते. आणि मग उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो सोडवता सोडवता डावाही.

तेव्हा समोरून हाक आली.

"यायलीस का?"

त्या किनाऱ्यावर कुणी असं बोलत नाही. तिकडं म्हणतात, येतेस का. यायलीस आमच्याकडचं, आणि हे यायलीस तर आमच्या दारातलं. स्कूटर चालू करून, एक पाय जमिनीवर टेकवून, थोड्या वैतागानं नवरा असंच ओरडायचा आणि मी आतून म्हणायचे, ओ, आले. पण समोर कुणीच नव्हतं. माणूस लपेल एवढी उंच वस्तूच तिथं नव्हती.

आमच्या रानात भर दुपारी कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. जितं माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं काही असेल तर त्याला दोनच हाका येतात. वर्गात पोरांना मी हे थोतांड म्हणून सांगत आले. त्या चिखलात उभी राहून मी पदर तोंडात कोंबला.

"अगं, यायलीस का न्हाई?"

या वेळी जवळून. मला भीती वाटली नाही, हेच त्यातलं भयंकर. मला आनंद झाला होता. इतका, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. आता येईल, आता येईल म्हणून जीव कानात आणून उभी राहिले.

मग हाका आल्या, पण पाठीमागून. "ओ बाय! मागं फिरा! ओ बाय! पाणी आलं!" बांधावर उभ्या राहून घरवाल्या बाई सारख्या ओरडत होत्या. मी मान वळवली. डाव्या हाताला मघा जी कोरडी घळ होती तिच्यात पाणी चढत होतं, अजिबात आवाज न करता. मी आडवी पडले, गाळात रुतलेल्या वासराला ओढतात तशी स्वतःला कोपरांवर ओढत निघाले. चपला कुठं गेल्या कळलं नाही. बांधाला हात लागला तेव्हा मागं चिखल उरला नव्हता, समुद्र आला होता.

बाईंनी विहिरीपाशी बसवून माझ्या अंगावर गरम पाणी ओतलं. मग हळूच म्हणाल्या, "हात कुणाला करत होतात?"

"मी? कुठं?"

"वर केला होतात की. आले आले, असा."

मला आठवत नव्हतं. तोंड दाबून धरलं होतं मी. हाताकडं लक्षच नव्हतं.

अंग पुसून होतंय तोवर मुलाचा फोन आला. मी ठीक आहे म्हटलं, समुद्र पाहिला म्हटलं. तो खूश झाला. हरला होता तरी मोकळेपणानं हसला. "बरं, जिंकलीस तू. राहा सेलूला, मी काही बोलणार नाही."

मला सेलूची दुपार दिसली. गल्ली सामसूम, दार उघडं, मी आत एकटी. चिखलानं निदान माझे पाय धरून ठेवले होते. घरात कोण धरणार होतं? तिथं मी पहिल्या हाकेलाच ओ दिली असती.

"सेलू नको," मी म्हणाले. "मला इथूनच न्यायला ये."