इंजिनाच्या छतावरच्या सहा कड्या

२००३च्या हिवाळ्यात आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायला आलो. नवऱ्याला मोटारींच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम मिळालं होतं. मी त्याच्या व्हिसावर होते, त्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. मुलगी दोन वर्षांची. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मला अजून गाडी चालवता येत नव्हती.

त्याआधीची अडीच वर्षं आम्ही आयर्लंडमध्ये, कॉर्कला काढली होती. तिथला आमचा फ्लॅट टेकडीच्या उतारावर होता आणि खाली, अगदी पायाशी, रेल्वे स्टेशन. बाल्कनीत गेलं की यार्डात उभी असलेली नारिंगी-काळी इंजिनं वरून दिसायची. मुलगी तिथलीच जन्माची. तिला भरवायचं म्हणजे बाल्कनीत न्यायचं, एक इंजिन दाखवायचं, एक घास, मग पुढचं इंजिन. मला स्वतःला गाड्यांचं काडीचंही वेड नव्हतं. पण ट्रॉयला एका दुपारी मुलगी काही केल्या तोंड उघडेना, म्हणून मी ती नारिंगी इंजिनं कॉम्प्युटरवर शोधायला बसले आणि शोधता शोधता एका फोरमवर जाऊन पोचले.

आयरिश रेल्वेची मॉडेल्स जमवणाऱ्या लोकांचा तो फोरम होता. बरीचशी मंडळी अमेरिकेतलीच. कोणाची आजी आयर्लंडहून आलेली, कोणी तिथे दोन वर्षं शिकलेला. ही माणसं सभ्य भाषेत कडाकडा भांडायची. नारिंगी रंग नक्की किती नारिंगी, यावर मी एकदा बावीस पोस्ट वाचल्या. तयार मॉडेल्स तेव्हा फारशी मिळत नव्हती, त्यामुळे लोक सुटे भाग मागवून इंजिनं घरीच जोडायचे, चुकायचे आणि चुकांचे फोटो टाकायचे. दिवसभर दोन वर्षांच्या मुलीशी बोलणाऱ्या मला ते वाचताना तरतरी यायची. मुलगी झोपली की मी चहा घेऊन बसायचे, आणि चहा तसाच गार व्हायचा.

माझ्या वाढदिवसाला नवऱ्याने पोस्टाने एक खोकं मागवलं. मला वाटलं, स्वेटर असेल. आत एका इंजिनाचं करड्या रंगाचं, न रंगवलेलं धड होतं. खऱ्याच्या शहात्तरपट लहान, वीतभरापेक्षा जरा लांब.

"रोज वाचतेस ना," तो म्हणाला. "आता एक बनव."

मी ते हातात घेऊन सगळीकडून पाहिलं. बाजू छान होत्या, दारं होती, खिडक्या होत्या. पण छत पाटासारखं सपाट. मी फोरमवर आयुष्यातली पहिली पोस्ट लिहिली: छतावर काय काय असतं, कोणी सांगू शकेल का?

उत्तरं भराभर आली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. छत कोणालाच नीट माहीत नाही. सगळे फोटो प्लॅटफॉर्मवरून काढलेले, त्यात बाजू दिसते, तोंड दिसतं, छत दिसत नाही. आणि टेबलावर ठेवलेल्या मॉडेलचं सगळ्यात आधी दिसतं ते छतच. त्यातून जुना वाद उकरला गेला. दुरुस्तीच्या वेळी क्रेनने उचलता यावं म्हणून इंजिनाच्या छताला लोखंडी कड्या असतात. त्या चार की सहा? चारवाले आणि सहावाले असे दोन तट पडले.

मी वाचत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की मी अडीच वर्षं ती छतंच पाहिलेली आहेत.

कपाटावरचा अल्बम काढताना स्टुलावरून पडता पडता वाचले. कॉर्कच्या बाल्कनीत काढलेले मुलीचे फोटो. दात आलेली मुलगी, केळं खाणारी मुलगी, लोकरीची टोपी घातलेली मुलगी. आणि प्रत्येक फोटोत तिच्या मागे, खाली, इंजिनाचं छत. पंखे, जाळ्या, काजळी, सगळं. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते. मुलगी जवळ येऊन विचारायला लागली, "आई, व्हॉट हॅपन्ड?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी आम्हाला लायब्ररीत सोडलं. तिथे स्कॅनर होता. मुलगी गोष्टीच्या तासाला बसली आणि मी तेवढ्या वेळात अकरा फोटो स्कॅन केले. घरी येऊन फोरमवर टाकले, कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्यावर परत पाहिलं, तर पोस्टचा पाऊस पडला होता. लोकांनी फोटो मोठे करून, बाण काढून परत टाकले होते. मला ते 'सर' म्हणत होते, कोणीतरी 'यू लेजेंड' लिहिलं होतं. पण कड्यांचा प्रश्न तसाच. चार कड्या स्पष्ट दिसत होत्या आणि जिथे आणखी दोन असायला हव्या, नेमकं तिथे प्रत्येक फोटोत मुलीचं डोकं, नाहीतर टोपी. ओहायोमधल्या एकाने लिहिलं, "बाळ फार गोड आहे. पण तिला जरा डावीकडे बसवलं असतं तर."

दोन दिवसांनी एक ओळ आली. पाठवणाऱ्याने त्याआधी कधीच काही लिहिलेलं नव्हतं.

"सहा. मीच वेल्ड केल्या होत्या."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग माहिती येत गेली. ते एक निवृत्त कामगार होते. ही इंजिनं आयर्लंडमध्ये बनलीच नव्हती. ती कॅनडात, ऑन्टारिओतल्या लंडन नावाच्या गावात बनली होती, आणि हे गृहस्थ तिथल्या कारखान्यात पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करायचे. संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा मी दारातच त्याला नकाशा दाखवला.

"अगं, हे तर इथून दोन तासांवर आहे," तो म्हणाला.

"तेच सांगतेय मी."

फोरमवर मात्र एका चारवाल्याने लिहिलं, की इतक्या वर्षांनंतर माणसाची आठवण दगा देऊ शकते, पुरावा हवा. मला राग आला. मी लिहिलं, पुरावा मी शोधते.

पण कुठून शोधणार? अल्बममधले सगळे पाहून झाले होते, आणि बाकीचे चांगले फोटो मी कधीच नागपूरला सासूबाईंना पाठवले होते. माझ्याकडे उरले होते ते बिघडलेले, डोळे मिटलेले, हललेले, आणि ते एका बुटांच्या खोक्यात कोंबलेले होते. मी ते सगळे जमिनीवर पसरले. मुलीला वाटलं हा पत्त्यांचा खेळ आहे. ती उचलून मला एकेक द्यायला लागली. दुपार अशीच गेली. आणि मग तो फोटो सापडला. मुलगी काहीतरी खाली पडलं म्हणून वाकली असावी, कारण फोटोत खालच्या कडेला तिच्या टोपीचा फक्त गुलाबी गोंडा होता. बाकी अख्खा फोटो म्हणजे इंजिनाचं छत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी बोटाने मोजलं. पाच.

पुन्हा मोजलं. पाच कड्या, आणि सहावीच्या जागी एक गोल डाग. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"पाच आहेत."

"कशाचे पाच?"

"कड्या."

"मी मीटिंगमध्ये आहे गं."

"बरं. पण पाच आहेत."

तो फोटो मी फोरमवर टाकला नाही. त्या गृहस्थांनी चारचौघांत 'सहा' म्हटलं होतं. आधी त्यांनी पाहावा असं वाटलं. मी त्यांना खाजगी निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं: पुढच्या महिन्यात डेट्रॉइटजवळ एका शाळेच्या जिममध्ये मॉडेल ट्रेनचं प्रदर्शन आहे, त्या शनिवारी मी येतो. फोटो आणा.

आम्ही तिघंही गेलो. जिमभर टेबलं, त्यांवर अमेरिकन मालगाड्या गरगर फिरत होत्या, आणि मुलगी प्रत्येकीच्या मागे पळत होती, तिच्यामागे नवरा. दारापाशी उंच, किंचित वाकलेले, चौकड्यांचा शर्ट घातलेले एक आजोबा उभे होते. मी पुढे होऊन ओळख सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"तो मुलीबरोबर आहे. फोरमवर लिहिते ती मी."

"असं होय," ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. "मी त्या फोटोतल्या मुलीच्या बापाची वाट बघत होतो."

आम्ही दोन घडीच्या खुर्च्या ओढून बसलो. त्यांनी खिशातून भिंग काढलं. फोटो इतका वेळ पाहिला, की मला धाकधूक व्हायला लागली. मग त्यांनी त्या गोल डागावर नख ठेवलं.

"सहावी इथे होती. कोणीतरी कापून काढली आहे. ही कापलेली खूण आहे, तुटलेली नव्हे." भिंग खिशात परत ठेवत म्हणाले, "माझी वेल्ड तुटत नाही."

मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांचा हातच धरला. त्यांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मग त्यांनी जे विचारलं, त्याची मला अपेक्षा नव्हती.

"निघताना ती कशी वाजायची?"

माझ्या लक्षात येईना. त्यांनी समजावलं. कारखान्यात इंजिन तयार व्हायचं, रंगवून बाहेर जायचं, जहाजावर चढायचं. त्यांनी ती डझनांनी बनवली, पण एकही इंजिन आयर्लंडच्या रुळांवर, मागे डबे लावून निघताना पाहिलेलं नव्हतं. आयर्लंडला ते कधी गेलेच नव्हते.

मग मी सांगत सुटले. कॉर्कहून गाडी सुटली की लगेच बोगदा लागतो आणि चढही, त्यामुळे इंजिनाला सुरुवातीपासूनच जोर लावावा लागतो. आधी खोल घरघर, मग ती वाढत जायची, आणि आमच्या स्वयंपाकघरात स्टँडवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणायला लागायच्या. पोटात असताना मुलगी त्या आवाजाला लाथा मारायची. पाऊस असला की छतावरून वाफ उठायची. गाडी बोगद्यात शिरली की आवाज एकदम बंद, आणि ताटल्या मात्र आणखी क्षणभर वाजत राहायच्या. माझं इंग्रजी अडखळलं, की मी हातवारे करत होते. ते मान हलवत होते, मधेच 'हं' म्हणत होते, आणि एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

मुलगी धापा टाकत आली. तिने मला विचारलं, "इज ही अ काका ऑर ॲन आजोबा?"

"आजोबा," मी म्हटलं.

"आजोबा," त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. तो त्यांना बरोबर जमला.

त्यानंतर ते महिन्यातून एखाद्या शनिवारी सकाळी सीमा ओलांडून आमच्याकडे यायला लागले. पोहे त्यांना आवडले, मिरची ते बाजूला काढून ठेवायचे. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही छत करायला घेतलं. टेलिफोनच्या जुन्या वायरमधली तांब्याची तार सोलून त्यांनी मोहरीच्या दाण्याएवढ्या कड्या वळल्या. कथिल वितळवून डाग देणं त्यांनी मला शिकवलं. माझे पहिले दोन प्रयत्न म्हणजे नुसते गोळे होते. तिसऱ्या वेळी डाग चकचकीत आणि बारीक बसला, तेव्हा त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "याला मी पास केलं असतं." मी दिवसभर हवेत होते.

मॉडेलवर पाच कड्या बसवल्या आणि सहावीच्या जागी खूण ठेवली. फोटो फोरमवर टाकला, शेजारी कॉर्कचा फोटो, आणि खाली त्यांनी स्वतः लिहिलं, कारखान्यातून निघताना सहा होत्या. चारवाल्याने जाहीर माफी मागितली. लगेच दुसऱ्याने नवा वाद काढला, की ती कडी कोणी आणि का कापली.

उन्हाळा आला तोवर आम्हाला मागे लावायला डबे हवे झाले होते. डब्यांच्या छताबद्दल मात्र आजोबांना काही ठाऊक नव्हतं, कारण ते दुसरीकडे बनलेले, आणि माझ्या सगळ्या फोटोंत इंजिनच होतं, डबे कुठेच नव्हते. शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर खुर्च्या जोडून बसलो आणि नवख्यासारखी पोस्ट लिहायला घेतली. मी टाइप करत होते, ते सांगत होते, आणि मुलगी मध्ये घुसून एकेक बटण दाबायला मागत होती.