पडद्याच्या साखळीचं वजन

टाचणीबाई हे नाव त्यांना नणंदेनं दिलं, आणि कारण अगदी उघड होतं. बाईंच्या ओठांत दिवसभर चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या. त्या न काढताच बाई गिऱ्हाइकाशी बोलायच्या, भांडायच्या, वेळ आली तर हसायच्यासुद्धा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीवर माणसाएवढा आरसा. हात असा की एक खांदा उतरता असलेल्या माणसालाही त्यांनी शिवलेल्या कोटात आपण ताठ आहोत असं वाटावं. याच हातामुळे बाई एकदा चांगल्याच तोंडघशी पडल्या, त्याची ही गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला आणि डावा स्तन काढावा लागला. ऑपरेशननंतर काखेतून एक नळी बाहेर काढतात, तिच्या टोकाला छोटी बाटली असते, आत साचणारं पाणी तिच्यात उतरतं. ही बाटली धरायची कुठे, हे कुणी सांगत नाही. बाई ती हातात घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई आली. तिनं एक कापडी पिशवी बाईंच्या गळ्यात अडकवली, बाटली तिच्यात ठेवली आणि म्हणाली, "मलाही झालं होतं. आठ वर्षं झाली." दहा मिनिटं बसली आणि गेली.

बाईंनी पिशवी उलटून बघितली. शिवण नागमोडी, एक बंद लांब, दुसरा आखूड. "कुणी शिवलंय हे?" एवढंच त्या म्हणाल्या.

"वहिनी, आधी आभार तरी मानायचे," नणंद म्हणाली.

तोवर ती बाई जिना उतरून गेली होती. नाव विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पण त्या दुपारी बाईंना ऑपरेशननंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली. आठ वर्षं म्हणे, आणि बया जिना उतरून गेली.

घरी आल्यावर हात वर जाईना. भिंतीला बोटं लावून ती हळूहळू वर सरकवायची, असा व्यायाम होता. बोटं पोचतील तिथे नणंद कापडावर खुणा करायच्या खडूनं रेघ ओढायची. बाई रोज तिला शिव्या घालायच्या आणि ती रोज रेघ ओढायची. आरशावर बाईंनी चादर टाकली होती, गिऱ्हाइकांना सांगायच्या की तडा गेलाय. तीन आठवड्यांनी नणंदेनं न विचारता चादर काढली आणि धुवायला टाकली. त्या रेघा अजून भिंतीवर आहेत. भिंत रंगवायची वेळ आली की बाई म्हणतात, "तेवढी सोडून रंगवा."

राहता राहिली छातीची पोकळी. बाईंनी कापूस भरून एक उशी शिवली. कापूस हलका, तो वर वर चढायला लागला. एकदा एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेताना उशी थेट गळ्यापाशी आली आणि गिऱ्हाईक बिचारं छताकडे बघत उभं राहिलं. मग बाईंना पडदे आठवले. पडदा खाली नीट पडावा म्हणून काठात बारीक मण्यांची साखळी घालतात. तिचा तुकडा त्यांनी कापसात गुंडाळून आत बसवला. उशी जागेवर राहिली, तोलही आला. त्यानंतर सहा वर्षांत बाईंना बघून कुणाला शंकासुद्धा आली नाही. नणंदेसमोरही बाईंनी ती उशी कधी काढली नाही.

बरं वाटल्यावर दर गुरुवारी चार वाजता बाई हॉस्पिटलात जायला लागल्या. त्याच मापाच्या पिशव्या शिवून न्यायच्या, शिवण मात्र सरळ. बायकांशी बोलायचं, भिंतीचा व्यायाम शिकवायचा, घरचा फोन नंबर लिहून द्यायचा. तपासणीच्या खोलीला कडी नव्हती. आत बायका कपडे काढून बसायच्या आणि बाहेरून कुणीही दार ढकलायचं. बाईंनी तीन अर्ज दिले. मग एका गुरुवारी दारासमोर स्टूल टाकून स्वतःच बसल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या, "मी कडी आहे. खरी आली की उठते." पुढच्या गुरुवारी कडी आली.

तर अशाच एका गुरुवारी वॉर्डच्या सिस्टरनं त्यांना बाजूला घेतलं. "खिडकीजवळची बाई बस चालवते. उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि ती आत्ता नको म्हणतेय. डॉक्टर सांगून थकले. गाठ आज काढण्यासारखी आहे, पुढे कोण जाणे. तुम्ही बसता का जरा तिच्याजवळ?"

बाई गेल्या. गळ्यात सवयीनं टेप तशीच लटकत होती.

"माप घ्यायला आलात?" बसवाली म्हणाली. "अजून कापलेलं नाही." तिनं घरी जायला कपड्यांची पिशवी भरून पायाशी ठेवली होती.

बाईंनी टेप खिशात कोंबली. आपलं ऑपरेशन, भिंतीवरच्या रेघा, सगळं सांगितलं. बसवालीनं त्यांना वरून खाली नीट न्याहाळलं.

"मावशी, तुम्हाला इथे पगार मिळतो का?"

"नाही हो."

"मग खोटं कशाला बोलताय? तुमचं सगळं जागच्या जागी आहे. मला रोज शंभर माणसं बघतात. मी स्टिअरिंगवर बसणार ती एका बाजूनं सपाट. ड्रायव्हर मंडळी काय बोलतील ते मला माहीत आहे. मी जाते घरी."

टाचणीबाईंनी जन्मभर ज्या सफाईचा तोरा मिरवला, तीच आज आडवी आली होती. त्यांनी उठून पलंगाभोवतीचा पडदा ओढला. कुर्त्याची वरची दोन बटणं काढली, उशी बाहेर घेतली आणि बसवालीच्या तळहातावर ठेवली.

सपाट झालेल्या जागेकडे बसवालीनं बघितलं, मग हातातल्या उशीकडे. "गरम आहे," ती म्हणाली. "आणि जड."

"आत साखळी आहे. पडद्याची."

"पडद्याची?"

"नाहीतर गळ्यापाशी येते." आणि बाईंनी छताकडे बघणाऱ्या गिऱ्हाइकाची हकिगत सांगितली. बसवाली हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि उशी तिनं पोटाशी धरली. बाईंनी तिला रडू दिलं.

"हात वळेल का स्टिअरिंगवर?"

"माझा दोन महिन्यांत कात्रीवर आला. रोज रेघ ओढायला कुणीतरी खमकं पाहिजे. कुणी नसेल तर मी आहे."

बसवालीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाच वाजले, भेटायची वेळ संपली. ती खाली बघत म्हणाली, "मावशी, ही आजच्या दिवस राहू दे माझ्याकडे?"

बाई तशाच घरी निघाल्या. वीस मिनिटांचा रस्ता, भर उजेड, अंगावर ओढून घ्यायलाही काही नाही. पेपरवाल्यानं नेहमीसारखी मान हलवली. लाँड्रीवाल्यानं शिवायला दिलेल्या बटणांची चौकशी केली. कुणाच्या काही लक्षातच आलं नाही, आणि बाईंना याचा जरा रागच आला. नणंद मात्र दारातच थबकली.

"वहिनी, विसरलीस?"

"उसनी दिली."

नणंदेनं चहा टाकला. ती पाठमोरी उभी असताना बाई म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. आभारी आहे मी तुझी."

"चहाबद्दल?"

"रेघांबद्दल. आणि चादरीबद्दल."

सकाळी नऊला बाई वॉर्डात पोचल्या. गुरुवार नव्हता, पण पाय थांबेनात. खिडकीजवळचा पलंग रिकामा होता. चादर बदललेली, पायाशी पिशवी नाही. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. गेली बया घरी, त्यांना वाटलं.

सिस्टर कपाटाची किल्ली घेऊन आली. आतून तिनं बसवालीची भरलेली पिशवी बाहेर काढली आणि तिच्यावर ठेवलेली उशी बाईंच्या हातात दिली. "सातला नेलं आत. दारापर्यंत हातातून सोडत नव्हती. शेवटी मला म्हणाली, मावशींना द्या, आणि त्यांना सांगा, टेप घेऊन या, मी बाहेर आले की माझं माप घ्या."