बिनकढईचे ट्रफल

आमच्या घरी यंदा दिवाळी नव्हती, म्हणून मला ट्रफल करावे लागले.

हे वाक्य मी दोनदा तपासून पाहिले, बरोबर आहे. आई श्रावणात गेली. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. चकली नाही, करंजी नाही, कंदीलही नाही. फराळ शेजारचे आणि नातेवाईक आणून देतात. नागपुरात बेस्यातली आमची गल्ली या बाबतीत फार प्रेमळ. धनत्रयोदशीपर्यंत टेबलावर सात घरचे डबे जमले होते, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या सातही डब्यांकडे पाठ करून खिडकीशी बसून होते.

खरी काळजी तीच होती. अण्णा जेवत नव्हते. चार घास खाल्ले की ताट बाजूला. मी दर रविवारी त्यांना काट्यावर उभं करत असे. (यावर सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती, "माणूस आहे का कापसाचं गाठोडं?") आई गेली तेव्हा ते एकसष्ट किलो होते, दिवाळीला चोपन्न. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या उत्तम आल्या. "यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "फक्त खाऊ घाला." एवढं ऐकायला आम्ही रामदासपेठेपर्यंत गेलो होतो!

फराळाने काही जमेल अशी आशा होती, कारण अण्णा मूळचे खवय्ये. पण ते एक चकली उचलत, तुकडा मोडत, चावत आणि डबा सरकवून देत.

"काय झालं, अण्णा?"

"तिची अशी नाही राहे."

करंजी दिली. "तिची अशी नाही राहे." शेव, तेच. चिवडा, तेच! सात घरच्या बायका एकाच परीक्षेत नापास झाल्या, आणि परीक्षक कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

तेव्हा मी विचार केला. आईने जे आयुष्यात कधीच केलं नाही, असं काहीतरी खायला दिलं, तर तुलना होणारच कशी? पुण्याहून आमच्या मितालीने (मुलगी, तिला सुट्टी मिळाली नव्हती) एक व्हिडिओ पाठवला. दुकानातले पाकीटबंद केक कुस्करायचे, त्यात आटवलेलं गोड दूध घालायचं, गोळे वळायचे, वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचे. झाले ट्रफल. "बाबा, यात गॅस लागतच नाही!"

गॅस नाही म्हणजे कढई नाही. कढई नाही म्हणजे रीत मोडली नाही. मला इतका आनंद झाला! (म्हणजे, सुतकी वर्षात होऊ द्यावा तितका.)

अण्णांना अंडं चालत नाही, म्हणून दुकानात प्रत्येक पाकिटावरचा हिरवा ठिपका आणि त्याखालचा बारीक मजकूर मी वाचत होतो. शेवटी दुकानदाराला राहवलं नाही.

"काका, केक घेऊन राहिले का अभ्यास करून राहिले?"

घरी येऊन मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सुनंदाने दारातच हात वर केले.

"मी याला बोटसुद्धा लावणार नाही. आज आत्याबाई येणार आहेत. त्या विचारतील, तेव्हा तुमचं तुम्ही सांगा."

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, राहणार प्रताप नगर. आमच्या घराण्यातल्या सगळ्या रीतीभाती तिच्याकडे जमा आहेत. आईच्या दिवसकार्यात मी धोतर नेसलो, तेव्हा तिने मला तीनदा परत पाठवलं होतं.

व्हिडिओतली बाई म्हणाली, "थोडंसं दूध घाला." थोडंसं हे कुठलं माप? तिच्या हातातल्या डब्याच्या आकारावरून मी अंदाज बांधला, प्रमाण काढलं, वजन करून दूध ओतलं. हिशोब चोख होता. फक्त तिचे केक कोरडे होते आणि माझे ओले. परातीत जे तयार झालं ते बोटांना चिकटलं, मग परातीला, मग चष्म्याला.

"न्हाणीघरातली एक फरशी निघाली आहे," सुनंदा दारातून म्हणाली, "हे वाळायच्या आत तिथं लावून घ्या."

मी दुधाची पावडर घातली. मिश्रण पांढरं पडलं, पण घट्ट होईना. मग फुटाण्याचं पीठ घातलं. आता ते घट्ट झालं, पण त्यात केक आहे हे सांगावं लागलं असतं. असो. मी वीस-वीस ग्रॅमचे गोळे तोलून वळले. एकही गोळा कमी-जास्त नाही!

राहिलं चॉकलेट. ते गॅसवर वितळवलं असतं तर माझा मूळ मुद्दाच गेला असता. पण नागपूरचं ऊन आहे कशाला? चॉकलेटचं भांडं घेऊन मी गच्चीवर गेलो आणि टाकीपाशी, जिथे थेट ऊन पडत होतं, तिथे ठेवलं. अर्ध्या तासात चॉकलेट असं सुरेख वितळलं की पाहत राहावं. मी पाहत राहिलो. त्या नादात खाली पाण्याची मोटर सुरू आहे हे विसरलो. टाकी भरली, आणि जादा पाण्याचा पाइप नेमका त्या भांड्यात वाहू लागला.

चॉकलेटात पाणी पडलं की ते पातळ होत नाही, त्याचा खडा होतो. हे मला आता माहीत आहे.

मितालीला फोन लावला. ती म्हणाली, "मग कशात तरी घोळवा ना बाबा. खोबरं, तीळ, काहीही!"

"अगं, तीळ आहेत का?" मी जिन्यातून सुनंदाला ओरडून विचारलं.

"वरच्या फळीवर पाहा! मी हात लावणार नाही!"

फळीवर काळ्या तिळांचं न फोडलेलं पाकीट मिळालं. ते आपल्या घरात आलं कुठून, असा प्रश्न हिशोबी माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. गोळे घोळवले. स्टीलच्या ताटाला ते चिकटत होते, म्हणून फळीवरच्याच पळसाच्या पत्रावळी घेतल्या आणि गच्चीवर, दक्षिणेच्या कठड्याशी, सरळ ओळींत मांडून ठेवले. पांढरे गोळे, वर काळे तीळ. मला छान वाटले.

तेवढ्यात आत्या धापा टाकत वर आली. तिने पत्रावळींकडे पाहिलं. चपला काढल्या. पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

"आज महिन्याचं श्राद्ध होतं का गा? मले काहून नाही सांगितलं?"

"आत्या, हे ट्रफल आहेत."

"कोण?"

"ट्रफल. दिवाळीचे."

"दिवाळीले पिंड?"

मी पुन्हा पत्रावळींकडे पाहिलं. त्या पत्रावळी आणि ते तीळ आईच्या दिवसकार्यातून उरलेले होते. मी समजावायला तोंड उघडलं, तोच कठड्यावर कावळा येऊन बसला. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी आम्ही ताटकळत उभे होतो; एकही कावळा पिंडाला शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. हा मात्र सरळ उतरला, एक ट्रफल उचललं आणि उडाला. समोरच्या गच्चीवर बसून तो मान झटकू लागला, कारण त्याची चोच उघडेना. पण ते आत्याला दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"वहिनीची इच्छा राहिली होती गा!" तिने जिन्यातून हाक मारली. "दादा! वर ये! वहिनीचा कावळा शिवला!"

आई गेल्यापासून अण्णा गच्चीवर आले नव्हते. आता ते एकेक पायरी चढत आले, मागून सुनंदा. मी पत्रावळींपुढे उभा राहिलो, पण एका माणसाच्या आडोशाला एवढे पिंड लपत नाहीत. मनात आलं, संपलं. शेजारची चकली ज्याच्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी दिवाळीला त्याच्या बायकोचे पिंड दाखवतो आहे.

अण्णांनी बराच वेळ पाहिलं.

"कोणं केले?"

"मी."

"कायचे हायेत?"

"केकचे."

ते वाकले आणि एक उचललं.

"दादा, तोंडात नको घालू!" आत्या किंचाळली.

अण्णांनी तोंडात घातलं. चावलं. आणखी चावलं. (त्याला वेळ लागतोच.) मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत उभा होतो.

"लय बेकार झालं हे," अण्णा म्हणाले.

"हो, अण्णा."

"दाताले चिपकून राहिलं. आन् फुटाण्याचं पीठ टाकाले कोणं सांगितलं तुले?"

"कोणी नाही."

"थांब, आणखी काय बिघडवलं ते पाहू दे." त्यांनी दुसरं उचललं. पालथ्या बादलीवर बसून तिसरं. "गोड किती! बरं, तीळ तरी भाजाचे!" चौथं हातात धरून ते थांबले. डोळे भरले होते. "उभ्या जन्मात तुह्या मायच्या सैपाकाले नाव ठेवाले जागा नाही भेटली मले. एक डाव तरी चुकाचं ना तिनं."

आत्याने नाक पुसलं, आणि तिनेही एक उचललं.

"खरंच बेकार आहे गा," ती चावत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर अण्णांनी विचारलं, "सैपाक कोणाचा?" सुनंदाचा, म्हणून सांगितलं. "त्याले कराले लाव," ते म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्यापुरतं मी रांधतो. ते माझ्या पोळीचा आकार, वरणाचा रंग, भाताचा लगदा, सगळ्याचा रीतसर उद्धार करतात आणि ताट पुसून घेतात. सुनंदाला वाटतं मी मुद्दाम बिघडवतो. तसं काही नाही. मी प्रत्येक वेळी जीव ओतून करतो. गेल्या आठवड्यात चुकून वांग्याची भाजी चांगली झाली, तर अण्णा दोन घास खाऊन उठले.