दादा हसत नव्हता

"हा हसत नाहीये," महाडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "हा टिटॅनस आहे."

टिटॅनस म्हणजे धनुर्वात. आधी जबडा आवळतो, ओठ ताणले जाऊन माणूस हसल्यासारखा दिसतो. मग पाठ धनुष्यासारखी वाकते. शुद्ध मात्र जागी असते. हे नीट वाचा. माझ्या थोरल्या भावाला सगळं कळत होतं.

आदल्याच दिवशी त्याच तोंडासाठी मुकादमाने त्याच्या थोबाडीत मारली होती.

त्या हंगामात मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या एका शेटजींनी आमच्या कापडे गावात गवत दाबायचा प्रेस आणला. पेटीत गवत भरायचं, दाबायचं, तारेने आवळायचं, की झाली गासडी. यंत्राशी माझं भांडण नाही. एका तऱ्हेच्या प्रेसात गवत लाकडी दांड्याने ठासतात. दुसरीत माणूस पेटीत उतरून अनवाणी तुडवतो. शेटजींनी दुसरी निवडली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दांडा मोडतो. पाय कुठे मोडतात?"

तारेचे तुकडे पेटीतच पडायचे. एक दादाच्या टाचेत घुसला. आईने गोवरीची राख भरून फडकं बांधलं. आमच्याकडे जखमेला तेच करतात. दुसऱ्या दिवशी दादा परत पेटीत. जखम सुकली, आम्ही विसरलो.

मग एका सकाळी त्याला भाकरी चावेना. तसाच कामावर गेला. मुकादम खेकसला आणि दादाचे ओठ ताणलेले.

"हसतोस कोणाला रे? बोल की! दातखीळ बसली काय?"

खरोखरच बसली होती.

"तो कशाला बोलंल?" गासड्या बांधणारा एकजण म्हणाला. "शेटजींचा जावई हाय तो!" सगळे फिदीफिदी हसले. मग ती थोबाडीत.

डोलीतून पोलादपूर, पुढे बैलगाडीने महाड. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं.

"राख कोणी भरली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी, डागतर."

"या रोगाचे जंतू शेणातच असतात," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

सीरम टोचलं. सीरम म्हणजे विषावरचा उतारा. पण उशीर झाला होता, हेही त्यांनी आईसमोरच सांगितलं. खोलीत अंधार ठेवा, म्हणाले, आणि आवाज अजिबात नको. भांडं वाजलं तरी झटका येईल, एखाद्या झटक्यात श्वास अडकेल.

आईने हातातल्या बांगड्यांवर चिंधी गुंडाळली. पदराचा बोळा तोंडात धरून ती खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. व्हरांड्यात कोणी खोकलं की दादा कमानीसारखा उचलला जायचा आणि आई तो बोळा चावायची.

तुमच्या गावात प्रेस येईल तेव्हा आधी पेटीत वाकून बघा. गवत पायाने तुडवायचंच असेल तर शेटजींना म्हणावं, पहिल्यांदा तुम्ही उतरा. तार लागली तर राख नको, शेण नको. उकळून निववलेल्या पाण्याने जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जबडा आवळायची वाट बघू नका. आम्ही बघितली.

दादा एका दुपारी गेला. झटका आला आणि सुटलाच नाही. त्या वॉर्डातला कंपाउंडर आमच्यासाठी इतके दिवस वहाणा काढून चालत होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यानेच खिडकी उघडली.

मी आईच्या तोंडातला बोळा काढला. म्हटलं, "आई, रड आता. मोठ्याने रड."

तिने दादाकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "चालंल ना रे? त्याला काय व्हायचा नाय ना?"

हे सगळं मी आता सभांतून सांगतो. फार मोठ्याने बोलतो, अशी पोलादपूरच्या सभ्य मंडळींची तक्रार आहे. असू दे.