दोन सूत

शेजारच्या ऑपरेटरचा शर्ट दोरीवर वाळत असला की धुऊनही न गेलेला मशीनवर सोडायच्या कूलंटचा आंबूस वास येतो, आणि मला नगरच्या एमआयडीसीतला तो दिवस आठवतो. माझं वीस वर्षांचं लेथ मशीन कोपऱ्यात सरकवून मधोमध काचेच्या दाराचं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी बसवलं होतं, आणि त्यावर आयटीआय करून आलेली तिसगावची एक पोरगी. माझे हात कोपरापर्यंत काळे. ती दिवसभर बटणं दाबायची, तरी हातावरची मेंदी शाबूत. मॅनेजर पाहुण्यांना आता तिच्याकडेच न्यायचा. त्या दिवशी पुण्याला जाणारी गाडी गेटात उभी होती, ड्रॉइंग आलं नव्हतं आणि शाफ्टवरच्या कड्याचं, म्हणजे कॉलरचं, माप फक्त माझ्या डोक्यात होतं. "काका, कॉलर किती जाड ठिवू?" तिनं विचारलं. "दोन सूत," मी म्हणालो. आम्हा जुन्यांचं एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्तच. तिनं मशीनला नुसते दोन मिलिमीटर दिलेले मला दिसले. दिसले, आणि मी सुपारी चघळत गप्प बसलो. सगळा लॉट पातळ निघाला, भंगारात गेला, गाडी रिकामी परतली. मॅनेजर तिच्यावर कडाडला, तेव्हा ती म्हणाली, "काकांनी बरोबर सांगितलं हुतं, सर. सूत म्हंजी किती, ते मीच इचारलं न्हाई." मी तेव्हाही सुपारीच चघळत होतो. त्या मशीनचा हेवा केव्हाच विरला. त्या उत्तराचा अजून वाटतो.